रांगेबाहेरचे मूल



२०२४ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. एक गृहस्थ आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन माझ्याकडे आले. ते बांधकामावर सेंट्रिंगचे काम करतात. आदल्या वर्षी त्यांनी सहकुटुंब धम्मदीक्षा घेतलेली. दाखल्याच्या अर्जासंबंधी काही विचारावयाचे होते, ते काम झाले. उठता उठता ते म्हणाले, "वकीलसाहेब, एक बारीकशी गोष्ट आहे. विचारू का?"

ती बारीकशी गोष्ट अशी. मुलाच्या शाळेत शनिवारी स्काऊटचा तास असतो. शाळेने स्काऊटच्या गणवेशाचे कापड वाटले. परंतु शिलाईसाठी जी रक्कम होती तेवढ्यात एकही शिंपी ते शिवावयास तयार होईना. ज्यांना शक्य होते त्यांनी पदरचे पैसे घालून गणवेश शिवून घेतले. या गृहस्थांच्या घरी मात्र ते कापड ट्रंकेत घडी घालून राहिले. पहिल्या शनिवारी मुलाला रांगेतून बाहेर काढण्यात आले. दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. तिसऱ्या शनिवारी गुरुजींनी त्याला सांगितले, "गणवेश होईपर्यंत तू त्या लिंबाखाली बस आणि सगळ्यांची दप्तरे राख."

मुलगा हे सर्व सरळपणे सांगत होता. त्याला त्यात अन्याय वाटत होता असेही दिसले नाही. आपल्याला काही तरी काम सोपविले, याचे त्याला थोडेसे समाधानच वाटत होते. आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटली.

वाचकहो, गावाची राखण, खळ्याची राखण, आलेल्या-गेलेल्या साहेबाच्या घोड्याची आणि बोचक्याची राखण हेच ज्यांच्या वाडवडिलांचे पिढीजात काम ठरविले गेले होते, ज्या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ सालापासून आवाज उठविला, आणि जे वतन १९५८ च्या कायद्याने अखेर नाहीसे झाले, त्या वंशातील मुलाच्या हाती पुन्हा राखणच द्यावी, आणि ती कशाच्या नावाने, तर विश्वबंधुत्व शिकविणाऱ्या स्काऊट चळवळीच्या नावाने! त्या गुरुजींच्या मनात जात होती असे मी म्हणत नाही. कदाचित नसेलही. परंतु मनात नसताना हाताने घडते, तेच रूढीचे खरे बळ असते. शाळेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कारण हा प्रश्न एका शाळेचा नाही. तुमच्या गावच्या शाळेतही शनिवारी एखादे मूल झाडाखाली बसलेले असेल. ते तुमचेच असण्याचा संभव अधिक आहे.

प्रथम हा गणवेश कशासाठी निघाला ते पाहू. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यानजीकच्या ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल या निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या लष्करी अधिकाऱ्याने सुमारे वीस मुलांची छावणी भरविली. त्यांत बड्या घरची, महागड्या शाळांत शिकणारी मुले होती आणि कामकऱ्यांचीही मुले होती. एका तंबूत सर्वांनी राहावे, एकत्र शिजवावे, एकत्र जेवावे, असा तो प्रयोग होता. पुढे जो एकसारखा पोशाख ठरला, त्यामागे श्रीमंत-गरीब हा भेद डोळ्यांना दिसू नये, हाच एक हेतू सांगितला गेला. म्हणजे गणवेश हे समतेचे साधन म्हणून जन्मास आले.

परंतु साधन चांगले असले तरी ते कोणाच्या हाती पडते हे पाहावे लागते. १९०९ मध्ये ही चळवळ हिंदुस्थानात आली, तेव्हा तिची दारे युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच उघडी होती. या देशातील मुलांना त्या गणवेशात प्रवेश नव्हता. त्याविरुद्ध १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासला स्वतंत्र भारतीय संघटना काढली. १९१८ मध्ये अलाहाबादेस मालवीय, कुंझरू आणि बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. दक्षिण आफ्रिकेत तर आफ्रिकन मुलांसाठी १९२२ मध्ये 'पाथफाइंडर' या वेगळ्या नावाचा वेगळा कप्पा करण्यात आला, आणि वर्णभेदाची ती विभागणी मोडून एकच संघटना होण्यास १९७७ साल उजाडले. आपल्या देशात निरनिराळ्या संघटनांचे एकीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली; म्हणजे ज्या वर्षी घटना अंमलात आली, त्याच वर्षी.

या इतिहासातून एकच बोध घ्यावयाचा आहे. समतेचा पोशाख ज्याला मिळत नाही, त्याच्या अंगावर विषमता दुप्पट उठून दिसते. शंभर मुले शंभर तऱ्हेच्या कपड्यांत उभी असतील तर गरिबाचे मूल त्यांत मिसळून जाते. परंतु नव्याण्णव मुले एका रंगात आणि एक मूल निराळ्या रंगात उभे केले, की त्या मुलाची गरिबी मैदानाच्या दुसऱ्या टोकापासून दिसते. अशा वेळी गणवेश भेद झाकीत नाही. तो भेद दाखविण्याची सोय करून देतो.

आपल्या लोकांना वस्त्राचे महत्त्व कोणी सांगावयास नको. आपल्या अंगावर काय असावे हे ठरविण्याचा अधिकार या देशात हजारो वर्षे दुसऱ्यांकडे होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी मेलेल्यांची वस्त्रे, फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले आहेत. हे केवळ पोथीत राहिले असे समजू नका. इंदूरकडील बलाई समाजावर सवर्ण गावकऱ्यांनी लादलेल्या अटी १९२८ च्या जानेवारीत वृत्तपत्रात प्रसिद्ध झाल्या. त्यांत पुरुषांनी जरीकाठाची पागोटी बांधू नयेत, रंगीत काठाची धोतरे नेसू नयेत, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत, असली कलमे होती. बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या आपल्या ग्रंथात या प्रकरणाची नोंद करून ठेवली आहे. त्रावणकोरात तर नाडार स्त्रियांना अंगभर वस्त्र घेण्याचा हक्क मिळविण्यासाठी अनेक दशके झुंजावे लागले आणि १८५९ च्या जाहीरनाम्यानंतर तो काही अंशी पदरात पडला.

म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब आमच्या आया-बहिणींशी लुगड्याविषयी आणि दागिन्यांविषयी बोलले. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण ठरलेले ते जडशीळ दागिने टाका, असे त्यांनी त्यांना सांगितले. एवढा मोठा संग्राम चालू असताना हा पुरुष लुगड्यावर का बोलतो, असे तेव्हा कोणाला वाटले असेल. परंतु ज्या खुणेवरून माणूस ओळखून त्याला दूर लोटले जाते, ती खूण प्रथम अंगावरून उतरवावी लागते, हे त्यांना ठाऊक होते. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसे पांढरी वस्त्रे परिधान करून आली, तेव्हा त्या शुभ्रतेत कोण कुठल्या पोटजातीचा आणि कोण कुठल्या गावचा, हे विचारावयास जागाच उरली नव्हती.

लष्करी गणवेशाचाही अनुभव आपल्या घरांना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली. गणवेश अंगावर असेपर्यंत ज्याला सुभेदार म्हणत, तो पेन्शन घेऊन गावी परतताच पुन्हा वेशीबाहेर उभा राहू लागला. ते दार पुन्हा उघडावे म्हणून अर्ज-विनंत्यांची एक पिढी गेली आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. गणवेश काढून घेतला म्हणजे काय काय जाते, हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगलेले आहे.

आता आपल्या धम्माकडे वळा. या भूमीवर समतेचा पहिला गणवेश कोणी दिला, असे मला विचाराल, तर मी भिक्खूच्या चीवराकडे बोट दाखवीन. उपाली हा शाक्यांचा न्हावी. शाक्य कुमार प्रव्रज्या घेण्यास निघाले तेव्हा त्यांची उंची वस्त्रे परत घेऊन जाण्याचे काम त्याच्याकडे आले. त्यानेही संघात येण्याचे ठरविले. तेव्हा कुमारांनीच भगवंतांना विनंती केली की, आमच्याआधी उपालीला दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुलाभिमान गळेल. भगवंतांनी तसेच केले. चीवर एकच, त्यात राजपुत्र आणि न्हावी ओळखू येईनासे झाले. आणि पाहा, स्मृतिकाराने ज्या प्रेतवस्त्राची सक्ती अपमान म्हणून केली, तेच स्मशानातील टाकलेले कापड भिक्खू स्वेच्छेने उचलीत, धुवीत, तुकड्याला तुकडा जोडून रंगवीत आणि सन्मानाने पांघरीत. कापड तेच; परंतु लादलेले आणि स्वीकारलेले यांत दास्य आणि स्वातंत्र्य यांचे अंतर आहे.

या चीवराची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. चीवर नाही म्हणून भिक्खूला संघ पारखा होत नसे. चीवर मिळवून देणे हे संघाचे आणि उपासकांचे कर्तव्य मानले जाई. वर्षावासानंतर चीवरदान आजही होते ते याच कारणाने. स्काऊटच्या शिस्तीतसुद्धा मूल आधी वचन उच्चारते आणि मग त्याला बिल्ला लावतात. त्या प्रसंगाला तेही दीक्षाविधीच म्हणतात. मग जेथे वचन आधी आणि बिल्ला नंतर आहे, तेथे पॅन्ट नाही म्हणून मुलाला वचनापर्यंतच पोहोचू न देणे, हे कोणत्या शिस्तीत बसते?

आता मी वकील म्हणून बोलतो. तुम्ही हे नीट समजून घ्या, कारण उद्या मुख्याध्यापकांपुढे तुम्हालाच उभे राहावयाचे आहे.

घटनेच्या एकविसाव्या कलमाला जोडलेल्या '२१ अ' या कलमाने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क दिलेला आहे. त्यासाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा झाला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमाचा आशय असा की, प्राथमिक शिक्षण घेण्यास आणि पुरे करण्यास आडवा येईल असा कोणताही आकार किंवा खर्च मुलावर टाकता येणार नाही. आठव्या व नवव्या कलमांनी दुर्बल व वंचित गटांतील मुलाला कोणत्याही कारणाने भेदभाव सोसावा लागू नये, ही जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर ठेवलेली आहे. सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत शासनाच्या व स्थानिक संस्थांच्या शाळांतील मुलांना, तसेच पंचवीस टक्क्यांच्या तरतुदीखाली खाजगी शाळेत प्रवेश मिळालेल्या मुलांना, मोफत पाठ्यपुस्तके व लेखनसाहित्य यांच्या जोडीने गणवेशही देण्याचे म्हटले आहे.

यावर शाळा तुम्हाला म्हणेल, "स्काऊट हा ऐच्छिक उपक्रम आहे. तो शिक्षणाचा भाग नाही. सबब त्याचा गणवेश पालकांनी आणावा." हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलेला आहे, आणि त्याचे उत्तर सोपे आहे. शाळेला दोनच मार्ग आहेत. स्काऊटचा तास सक्तीचा असेल, तर तो शिक्षणाचा भाग झाला आणि त्याच्या गणवेशाचा खर्च मुलाच्या शिक्षणाच्या आड येता कामा नये. तो पुरविण्याचा भार शाळेवर व शासनावर आहे. आणि तो तास ऐच्छिक असेल, तर त्याचा गणवेश नाही म्हणून मुलाला शिक्षा करण्याचा, रांगेबाहेर काढण्याचा, दप्तरे राखावयास बसविण्याचा अधिकार शाळेला मुळीच नाही. सक्ती करावयाची तेव्हा तो शिक्षणाचा भाग, आणि खर्चाची वेळ आली की तो ऐच्छिक, असा तिसरा मार्ग कायद्यात नाही. तुम्ही मुख्याध्यापकांना शांतपणे एवढेच विचारा: "साहेब, हा तास सक्तीचा की ऐच्छिक?" ते जे उत्तर देतील त्यात तुमच्या मुलाचा हक्क आहेच.

शासनाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षासाठी महाराष्ट्र शासनाने 'एक राज्य, एक गणवेश' ही योजना राबविली. दोन गणवेशांपैकी एक नियमित आणि दुसरा स्काऊट-गाईडचा, असे ठरले. नियमित गणवेश महिला बचत गटांकडून शिवून घ्यावयाचा होता, आणि स्काऊटच्या गणवेशाचे कापड देऊन त्याची शिलाई शाळा व्यवस्थापन समितीने करून घ्यावयाची होती. त्यासाठी शिलाईचे शंभर आणि आनुषंगिक खर्चाचे दहा, असे एकशेदहा रुपये ठेवण्यात आले. एकशेदहा रुपयांत सदरा आणि पॅन्ट शिवून देणारा शिंपी मंत्रालयाच्या आसपास असेल तर मला ठाऊक नाही. आमच्या तालुक्यात तो नव्हता. स्वातंत्र्यदिन उलटून गेला तरी अनेक शाळांत नियमित गणवेशसुद्धा पोहोचले नव्हते. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरविला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. निर्णय फिरला हे बरे झाले. परंतु त्या वर्षी झाडाखाली बसलेल्या मुलांचे शनिवार कोण परत देणार? योजना कागदावर चुकली, आणि शिक्षा मात्र अकरा वर्षांच्या मुलाने भोगली.

या निर्णयातून तुमच्या हाती एक गोष्ट आली आहे, ती सोडू नका. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, त्यांत दुर्बल व वंचित गटांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व असले पाहिजे, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. आपल्यापैकी किती जण त्या समितीच्या बैठकीला जातात? विहाराच्या कमानीसाठी रात्री बारापर्यंत बैठका घेणारे आपण, मुलाच्या गणवेशाचे कापड, शिलाई आणि हिशेब जेथे ठरतो त्या बैठकीच्या वहीत मात्र आपले नाव नसते. हा दोष मी दुसऱ्या कोणाच्या माथी मारू शकत नाही.

नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांना आणखी एक भीती घातली जाते. "तुम्ही आता बौद्ध झालात, तुमची सवलत गेली," असे एखादा कारकून सांगतो आणि आई-बाप मुकाट्याने परत फिरतात. हे असत्य आहे. १९५६ नंतर धर्मांतरितांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींपासून दूर ठेवण्यात आले होते, हे खरे. परंतु १९९० मध्ये संसदेने कायदा करून बौद्धांचा अंतर्भाव अनुसूचित जातींच्या आदेशात केला. धम्म स्वीकारल्याने मुलाचा कोणताही हक्क बुडत नाही. ज्याला हे ठाऊक नाही त्याला ते लेखी विचारा. लेखी प्रश्न आला म्हणजे पुष्कळांना कायदा आठवतो.

दुसरी एक शंका अधिक गंभीर आहे. स्काऊटच्या वचनात ईश्वराविषयीच्या कर्तव्याचा उल्लेख येतो. "आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या, मग आमच्या मुलाने हे वचन कसे उच्चारावे?" असे एका भगिनीने मला विचारले. प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर त्या संस्थेच्या नियमांतच आहे. भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या नियमाप्रमाणे 'ईश्वर' या शब्दाऐवजी 'धर्म' हा शब्द घेण्याची मोकळीक आहे. तेव्हा आपल्या मुलाने ताठ मानेने धर्म हा शब्द उच्चारावा, आणि त्या शब्दाचा अर्थ प्रज्ञा, शील आणि करुणा असा आहे, हे घरी त्याला शिकवावे. याउपर एखाद्या शाळेने पूजेला किंवा आरतीला बसण्याची सक्ती केलीच, तर घटनेचे अठ्ठाविसावे कलम आहे. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसविता येत नाही. १९८६ मध्ये केरळातील बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन शाळकरी भावंडांना न्याय दिला. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु श्रद्धेमुळे गात नसत, एवढ्यावरून त्यांना शाळेतून काढले होते. मुलाची सदसद्विवेकबुद्धी शाळेच्या दारात काढून ठेवण्याची वस्तू नाही, हे त्या निकालाचे सार आहे.

आता आपल्यातील काही सुशिक्षितांना उत्तर देतो. ते म्हणतात, "ही कवायत, हे बिल्ले, हे स्कार्फ आपले नव्हेत. आपल्या मुलाने पुस्तक वाचावे. शनिवारी झाडाखाली बसला तर बसू द्या; तेवढाच अभ्यास करील." या विद्वानांनी रेल्वेच्या भरतीच्या जाहिराती वाचलेल्या दिसत नाहीत. रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून नोकरभरती होते, आणि तिच्यासाठी राष्ट्रपती पुरस्कारासारखी पात्रता लागते. ती पात्रता एका दिवसात येत नाही. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि मग राष्ट्रपती पुरस्कार, अशी ती पायरीपायरीची वाट आहे. पहिल्याच पायरीवर पॅन्ट नाही म्हणून जो खाली राहिला, तो पुढे ऐन उमेदीच्या वयात त्या नोकरीच्या अर्जालाही पात्र ठरत नाही. आणि त्या वेळी त्याला सांगितले जाते की, स्पर्धा खुली होती, तूच मागे पडलास! झाडाखालच्या शनिवाराची किंमत ही एवढी आहे.

नोकरी बाजूला ठेवली तरी आणखी एक लाभ आहे. स्काऊटच्या शिबिरात मुले एकत्र स्वयंपाक करतात, एका पंगतीत जेवतात, पाणी भरणे आणि जागा झाडणे पाळीपाळीने करतात. जे आंतरजातीय सहभोजन मोठ्यांच्या परिषदांत ठराव करूनही होत नाही, ते दहा वर्षांच्या मुलांत सहज होऊन जाते. मात्र तेथे डोळे उघडे ठेवा. शिबिरातून मुलगा घरी आला की पहिला प्रश्न विचारा: "स्वयंपाक कोणी केला आणि झाडलोट कोणी केली?" पाळी सर्वांवर येत असेल तर शिबिर चांगले झाले. ठराविक मुलांवर ठराविक काम येत असेल, तर सर्वांच्या अंगावर एकच गणवेश असूनही गावगाडाच तेथे मुक्कामाला आला, असे समजा.

हे सर्व ऐकून तुम्ही म्हणाल, "मग आम्ही करावे काय?" माझे सांगणे थोडक्यात असे.

पहिली गोष्ट, गणवेशासाठी कर्ज काढू नका आणि मुलाला तासाला पाठविण्याचेही थांबवू नका. असतील त्या स्वच्छ कपड्यांत त्याला रांगेत पाठवा. दुसरी गोष्ट, त्याला बाहेर काढले तर त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना एक साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते; पोच कायम राहते. तेथे दाद न मिळाली तर शिक्षण हक्क कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तिचा निकाल तीन महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. जातीवरून अपमान झाला असेल तर प्रकरण निराळे होते. त्याला अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. परंतु प्रत्येक हलगर्जीपणाला तो कायदा लावू नका. ते शस्त्र खऱ्या प्रसंगासाठी धारदार राहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट आपल्या विहार समित्यांसाठी आहे. खाजगी शाळांतील पुष्कळ मुलांना शासनाचा गणवेश मिळत नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक विहारात एक कपाट ठेवा. मोठ्या मुलाला तोकडा झालेला सदरा धुऊन, बटणे लावून त्यात ठेवावा आणि लहानाने तो घ्यावा. स्कार्फ, वॉगल, पट्टा, टोपी या वस्तू तर वर्षानुवर्षे टिकतात. आपल्या महिला मंडळांत शिलाई यंत्र चालविणाऱ्या भगिनी आहेत. शाळेने वाटलेले कापड त्यांनी शिवून दिले तर एक दुपार पुरे. कोणी म्हणेल, "बाबासाहेबांनी आम्हाला उतरलेले कपडे टाकावयास सांगितले आणि तुम्ही पुन्हा तेच अंगावर घालता!" नाही. मालकाने उपकार म्हणून फेकलेले वस्त्र आणि थोरल्या भावाचे धाकट्याने घातलेले वस्त्र यांत फरक आहे. पहिल्याने मान खाली जाते. दुसऱ्याने कुटुंब वाढते.

शिक्षकबंधूंनाही, त्यांपैकी कित्येक आपल्याच समाजातील आहेत, माझी एक विनंती आहे. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत, हे आपण दर चौदा एप्रिलला भाषणात सांगता. ते सांगून झाल्यावर एकदा मैदानाकडे पाहा. गोणपाटाची जागा आता लिंबाच्या सावलीने तर घेतली नाही ना?

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख संपवितो. मी त्या गृहस्थांना एक अर्ज लिहून दिला. त्यात कलमे दोन आणि प्रश्न एकच होता: तास सक्तीचा की ऐच्छिक? मुख्याध्यापक समंजस निघाले. त्यांनी अर्ज वाचून गुरुजींना बोलाविले. गुरुजी म्हणाले की, मला कोणाला दुखवावयाचे नव्हते, गणवेश असावा असा नियम आहे एवढेच ठाऊक होते. मला ते खरे वाटते. पुढच्या शनिवारी मुलगा घरच्या सदऱ्यावर शाळेचा स्कार्फ बांधून रांगेत उभा राहिला. महिनाभराने शेजारच्या विहारातील एका बाईंनी ट्रंकेतले कापड शिवून दिले.

परवा तो मुलगा भेटला. आता प्रथम सोपानाची तयारी चालू आहे, दोरीच्या सहा गाठी येतात, असे त्याने सांगितले. मी विचारले, "आणि दप्तरे कोण राखतो?" तो म्हणाला, "पाळी लावली आहे, साहेब. माझी पाळी पुढच्या महिन्यात आहे."

पाळी लावणे, एवढेच तर आपले मागणे आहे. आपली मुले दप्तरे राखतील. परंतु आपल्या पाळीला राखतील, आणि दुसऱ्याच्या पाळीला रांगेत उभी राहतील. या शनिवारी आपापल्या गावच्या शाळेच्या कुंपणाशी जाऊन उभे राहा. झाडाखाली कोणी मूल बसलेले दिसले, तर त्याचे नाव-गाव नंतर विचारा. आधी त्याला हाताला धरून रांगेत नेऊन उभे करा, आणि मग मुख्याध्यापकांच्या खोलीत जा.

जय भीम.